मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली कॅमेरो आणि तिचं ‘जुळणारं’ इंजिन

गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो झेड/२८. रंग हगर ऑरेंज, मन्सीचा चार गिअरचा गिअरबॉक्स, आणि विकणाऱ्याच्या शब्दांत ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे कारखान्यात बसवलेलं इंजिन आजही तिच्यात आहे. घेणारा माझा मित्र. मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं सिनसिनाटीत नोकरीला. त्याचं म्हणणं सरळ होतं: ‘बॉडी-बिडी मी बघितलीय. इंजिन ह्याच गाडीचं आहे का, तेवढं तू सांग. जास्तीचे पैसे तो त्याचेच मागतोय.’

गाडी जवळच्याच नॉरवूडच्या कारखान्यात बनलेली, म्हणून तो आणखीच हळवा झाला होता. नॉरवूड हे चहूबाजूंनी सिनसिनाटीने वेढलेलं छोटं शहर. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, म्हणजे जीएम; तिचा तिथला कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. पहिल्या पिढीच्या कॅमेरो अमेरिकेत दोनच ठिकाणी तयार झाल्या: ओहायोतलं नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज.

आता इंजिनासाठी एवढा जीव का टाकायचा? झेड/२८ चं सगळं मोल त्या इंजिनात आहे. ट्रान्स-अॅम शर्यतींसाठी पाच लिटरची मर्यादा होती, तिच्यात बसावं म्हणून शेव्हरोलेने चार इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तीन इंच स्ट्रोक (पिस्टनची चाल) असं ३०२ घन इंचांचं व्ही-८ केलं. कागदावर २९० अश्वशक्ती. हे इंजिन फक्त १९६७ ते १९६९ च्या झेड/२८ मध्येच आलं. १९७० पासून तिच्यात ३५० घन इंचांचं इंजिन बसू लागलं. १९६९ च्या ३०२ चा कारखान्यातला कोड ‘डीझेड’. हे इंजिन गेलेलं असेल तर गाडी चांगली असते, पण किंमत खाली येते, आणि बरीच खाली येते.

आपल्याकडे आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. गाडी नावावर करताना चेसिसवर पेन्सिल घासून ठसा द्यावा लागतो. त्यामुळे मित्राला वाटत होतं, कुठल्या तरी दप्तरात हे लिहिलेलं असेलच. अमेरिकेत टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सहसा फक्त व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असतो, इंजिन कुठलं याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. शेव्हरोलेकडेही १९६९ च्या एकेका गाडीची नोंद शिल्लक नाही. जीएमचीच पॉन्टिअॅक असती तर जुन्या नोंदींतून बिलाची प्रत निघाली असती, नवी असताना कॅनडात विकली गेलेली असती तर जीएम कॅनडाने कागद दिला असता. पहिल्या मालकाला वॉरंटीच्या पुस्तिकेत ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची धातूची पट्टी मिळायची, तिच्यावर इंजिनाचा नंबर उठवलेला असायचा. ती या गाडीसोबत नव्हती. म्हणजे जे काही कळणार ते लोखंड वाचूनच.

सुरुवात गाडीच्या जन्मतारखेपासून. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरच्या टॅगवर ‘०३सी’ होतं: मार्चचा तिसरा आठवडा. खाली ‘एक्स३३’, म्हणजे स्टाइल ट्रिम घेतलेली झेड/२८, आणि रंगाचा कोड ७२, तो हगर ऑरेंजचाच. टॅग नकली बनवून मिळतात, म्हणून केवळ टॅगवर विसंबलो नाही. विंडशील्डच्या खालची जाळी काढली की काउलच्या पत्र्यावर व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला सापडतो, तो डॅशवरच्या पट्टीशी जुळला. व्हीआयएन १२४३७९एन६ असा सुरू होणारा: एक म्हणजे शेव्हरोले, २४३७ म्हणजे व्ही-८ची कॅमेरो कूपे, नऊ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवूड, पुढे अनुक्रमांक. बॉडीबद्दल शंका राहिली नाही.

मग इंजिन. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ च्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) अगदी समोर, बोटभर रुंदीची सपाट जागा असते. तिला सगळे पॅड म्हणतात. १९६९ मध्ये अल्टरनेटर उजवीकडे आला, तो नेमका तिच्यावर सावली धरून बसतो. अल्टरनेटर सैल करून बाजूला घेतला, थिनरच्या बोळ्याने रंग आणि तेलकट थर पुसला. इथे सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. का, ते पुढे येईलच. पॅडवर होतं: ‘व्ही०२२७डीझेड’. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२२७ म्हणजे २७ फेब्रुवारी, डीझेड म्हणजे ३०२. शेजारी ‘१९एन६...’ असा गाडीच्या व्हीआयएनचा उतारा, शेवटच्या आकड्यापर्यंत गाडीशी जुळणारा. मित्राने मागून विचारलं, ‘झालं ना?’

मोबाइलवर फोटो काढून ‘मॅचिंग आहे’ म्हणणारे बहुतेक लोक इथेच थांबतात.

ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूच्या बेलहाउसिंगला लागणाऱ्या कडेवर ओतकामाचे आकडे असतात. डावीकडे कास्टिंग नंबर, उजवीकडे तारीख. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आणि टॉर्च लागते. कास्टिंग नंबर ३९७००१०, तारीख ‘बी १२ ९’. महिन्याला ए ते एल ही अक्षरं, त्यात बी म्हणजे फेब्रुवारी, दिवस १२, वर्ष ९ ने संपणारं. वरवर बघितलं तर क्रम झकास बसतो. १२ फेब्रुवारीला ब्लॉक ओतला, २७ ला फ्लिंटमध्ये इंजिन जोडलं, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नॉरवूडला गाडीत बसवलं. ओतकाम ते जोडणी काही दिवस ते काही आठवडे, जोडणी ते गाडी पुन्हा तेवढंच, हा त्या काळचा सर्वसाधारण प्रघात. पत्रिकेतले छत्तीसच्या छत्तीस गुण जुळावेत तसं सगळं जुळत होतं.

जुळणाऱ्या तारखेचा अर्थ मात्र लोक वाजवीपेक्षा मोठा लावतात. गाडीनंतरची तारीख असलेला भाग त्या गाडीत पहिल्या दिवशी असूच शकत नाही. तिथे वाद संपतो. गाडीच्या थोडी आधीची तारीख असलेला भाग तिच्यात असू शकतो, तसाच त्या आठवड्यांत बनलेल्या हजारो गाड्यांपैकी कुठल्याही गाडीत असू शकतो. अशा भागाला इथे ‘डेट-करेक्ट’ म्हणतात. डेट-करेक्ट भाग विकत मिळतात, ते शोधून विकणाऱ्यांचा चांगला धंदा चालतो. तारखा बघून मूळ इंजिन बाद करता येतं, सिद्ध करता येत नाही.

या गाडीतच दोन्ही बाजूंचे नमुने होते. हेड ३९२७१८६ क्रमांकाचे, १९६९ च्या झेड/२८ ला शोभणारे. व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर आतल्या तारखा दिसल्या, एकावर ‘ए २८ ९’, दुसऱ्यावर ‘बी ३ ९’. दोन हेडांच्या तारखा वेगळ्या असणं अगदी सामान्य आहे. उलट बऱ्याच वेळा एकाच दिवसाची जोडी बघितली की मलाच वाटतं, ही कोणीतरी जमवली असावी. इनटेक मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं, ३९३२४७२, त्यावर विंटर्स फाउंड्रीचं हिमकणाचं चिन्ह. कार्बोरेटर होली, लिस्ट नंबर ४०५३, तारीख ‘९२१’: वर्ष ९, महिना फेब्रुवारी, पहिला आठवडा. सगळं बरोबर. डिस्ट्रिब्युटर मात्र गंमतीचा. डेल्को-रेमीचा, ११११४८०, म्हणजे झेड/२८ चाच नंबर. पण तारीख ‘९ डी ८’, ८ एप्रिल १९६९. गाडी मार्चमध्ये बनली. भाग योग्य, नंबर योग्य, आणि तरी तो मूळचा नाही. कोणीतरी कधीतरी बदलला असेल, पुढे कोणा जाणकाराने योग्य नंबरचा शोधून बसवला असेल. विकणाऱ्याला हे दाखवलं तेव्हा तो हसून म्हणाला की तीन आठवड्यांचाच तर फरक आहे. फरक तीन तासांचा असता तरी चाललं नसतं.

मला खटकत होता तो ब्लॉकचा नंबर. १९६९ च्या ३०२ साठी तीन कास्टिंग वापरात आली: सुरुवातीला ३९३२३८६, मग ३९५६६१८ आणि शेवटी ३९७००१०. शेवटच्या तीन आकड्यांनीच त्यांना ओळखतात. मार्चच्या गाडीत मला ६१८ ची अपेक्षा होती. ०१० हा त्या वर्षात उशिरा आलेला ब्लॉक, आणि तो पुढे जवळपास सबंध १९७० चं दशक ओतला गेला. इम्पाला, कॅमेरो, पिकअप, सगळ्यांत गेला. भंगारवाल्याकडे आजही पडलेला असतो. तारखेत वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे ‘बी १२ ९’ म्हणजे १२ फेब्रुवारी १९६९ होऊ शकतं तसंच १२ फेब्रुवारी १९७९ ही. ज्याला डीझेड बनवायचं आहे त्याला ९ ने संपणारा १९७९ चा ०१० ब्लॉक म्हणजे आयतं घबाड. दिनदर्शिका बघून काही कळतं का, तेही तपासलं. १९६९ मध्ये १२ फेब्रुवारीला बुधवार होता, १९७९ मध्ये सोमवार. दोन्ही कामाचे दिवस.

जाता जाता एक. जोडणीच्या शिक्क्यात, म्हणजे ०२२७ मध्ये, वर्ष नसतंच. १९६९ मॉडेलच्या कॅमेरोपुरता हा जास्तीचा घोळ आहे, कारण १९७० ची गाडी लांबल्यामुळे हे मॉडेल ऑगस्ट १९६८ पासून थेट नोव्हेंबर १९६९ पर्यंत चाललं. ऑक्टोबर या एका मॉडेलवर्षात दोनदा आला. ‘व्ही१०१०डीझेड’ शिक्क्याचं इंजिन कुठल्या ऑक्टोबरचं, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ओतकामाची तारीख आणि गाडीचा अनुक्रमांक बघावा लागतो. आमची गाडी मार्चची, म्हणून ही अडचण आली नाही.

व्हीआयएनच्या उताऱ्याने तरी दशकाचा प्रश्न सुटावा, पण १९७९ मध्येही जीएमची पद्धत तीच होती: विभाग, वर्षाचा एक आकडा, कारखाना, अनुक्रमांक. नॉरवूडला १९७९ मध्येही कॅमेरो बनत होत्या. तिथल्या दोन्ही वर्षांच्या गाडीचा उतारा ‘१९एन’नेच सुरू होतो. इंजिनाचा कोड तेवढा वेगळा असतो. १९६९ मध्ये तो दोन अक्षरी होता, १९७० पासून तीन अक्षरी झाला. म्हणून १९७९ च्या ब्लॉकचं डीझेड करायचं तर पॅडवरचं जुनं काहीही शिल्लक ठेवून चालत नाही. सगळं खरवडून नवं ठोकावं लागतं.

म्हणून पुन्हा पॅडकडे आलो, यावेळी शिक्का सोडून त्याच्या मागचं लोखंड बघायला. फ्लिंटमध्ये ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग करून सपाट व्हायचा. ब्रोचचे दात इंजिनाच्या लांबीच्या दिशेने जातात आणि पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा ठेवतात. पॅड त्याच पातळीवर असल्यामुळे त्यावरही त्याच रेघा येतात, आणि शिक्का त्यांच्यावर ठोकला जातो. पुढे केव्हा ब्लॉकला फेसिंग मारलं, तर कटर गोल फिरतो: रेघा जातात, शिक्काही जातो, वळणदार खुणा उरतात. सँडपेपर लावायचा नाही तो याचसाठी. अर्ध्या मिनिटात सगळा पुरावा साफ होतो. टॉर्च आडवी धरून, तिरप्या उजेडात बघितलं. समांतर रेघ एकही नव्हती. हलक्या, कमानीसारख्या खुणा होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर ‘व्ही०२२७डीझेड’ कोरं करकरीत बसलेलं. कटरने कापलेल्या जागेवरचा शिक्का हा त्या कापण्यानंतरचाच असणार. फ्लिंटमध्ये १९६९ च्या फेब्रुवारीत तो ठोकलेला असणं शक्य नाही.

विकणारा म्हणाला, इंजिन उघडून नीट केलेलं आहे, तेव्हा मशीनशॉपवाल्याने फेसिंग मारून मूळचाच नंबर परत ठोकला असेल. हे अगदीच अशक्य नाही. असं करणारी माणसं आहेत, काही तर प्रामाणिक हेतूने करतात. पण मग खरं ठोकणं आणि खोटं ठोकणं यात बघणाऱ्याने फरक करायचा कसा? माझं मत इथे कडक आहे: पॅड पुसला गेला की त्या पॅडची साक्ष संपली, हेतू काहीही असो.

तरी त्याच्या म्हणण्याला वाव देऊन गिअरबॉक्स बघितला. त्यावर ‘पी९बी२०बी’: मन्सी, १९६९, फेब्रुवारी, तारीख २०, शेवटचा बी म्हणजे एम-२१, पहिला गिअर २.२० चा. (मन्सीची महिन्यांची अक्षरं मेपर्यंत सरळ चालतात आणि मग उड्या मारतात: जून एच, जुलै के, ऑगस्ट एम. जुलैचा गिअरबॉक्स नोव्हेंबरचा समजून नाकारणारे मी पाहिलेत.) शेजारी गाडीच्या व्हीआयएनचा तोच उतारा. हा ठोकलेला भाग मळकट होता, आकडे किंचित वरखाली, सहाच्या पोटात धातू उचलला गेलेला, आणि आजूबाजूला ग्राइंडरची एकही खूण नाही. गिअरबॉक्स गाडीचाच, यात मला शंका वाटली नाही.

आणि मग दोन फोटो शेजारी ठेवले. एकच नंबर, एकाच कारखान्यात, एकाच दिवशी इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला असायला हवा. गिअरबॉक्सवरच्या नऊचं शेपूट आत वळलेलं, इंजिनावरच्या नऊचं सरळ. एनची उंची वेगळी. इंजिनावरचे सगळे आकडे एका रेषेत, एकसारख्या खोलीचे, कोणीतरी सावकाश आणि काळजीपूर्वक बसवल्यासारखे. असेंब्ली लाइनवर पुढची गाडी येत असताना घाईत ठोकलेले वाटत नव्हते. मित्राने दोन्ही फोटो मोठे करून बघितले आणि काही बोललाच नाही.

व्हीआयएनचा उतारा कारखान्यात कधी पॅडवर ठोकत, कधी ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकच्या खडबडीत भागावर. जे पॅड साफ करतात ते ही दुसरी जागा बऱ्याचदा विसरतात. इथे विसरले नव्हते, कंटाळले होते. फिल्टर काढून केशरी रंग थिनरने उतरवला, तर खाली ग्राइंडर फिरवलेला चकता, आणि त्याच्या डाव्या कडेला अर्धवट वाचलेली तीन चिन्हं: ‘१९जे’. जे म्हणजे विस्कॉन्सिनमधलं जेन्सव्हिल. तिथे शेव्हरोलेच्या मोठ्या गाड्या बनत. कॅमेरो तिथे कधी बनलीच नाही. ती गाडी १९६९ ची की १९७९ ची, हे तीन चिन्हांवरून ठरत नाही. ठरवायची गरजही उरली नव्हती.

विकणारा माणूस लबाड नव्हता, हे इथे सांगायला हवं. त्याने गाडी ‘मॅचिंग’ म्हणूनच, त्याच भावाने घेतलेली होती. ‘१९जे’ बघून त्याचा चेहरा पडला आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो, मग मला कोणी फसवलं? त्याच्या आधीच्या दोन मालकांपर्यंत कागद जात होते, त्यापलीकडे काही नाही.

सौदा मोडला नाही. बॉडी खरी झेड/२८, गिअरबॉक्स मूळचा, हेड-इनटेक-कार्बोरेटर डेट-करेक्ट, डिस्ट्रिब्युटर योग्य नंबरचा पण नंतरचा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर कधीच बदललेले. इंजिनाचा ब्लॉक परका. या यादीवर भाव पुन्हा ठरला आणि जास्तीचे म्हणून मागितलेले पैसे पूर्ण गेले, वर आणखी थोडे. मित्राला मी एकच अट घालायला सांगितलं होतं: बिलावर ‘इंजिन मूळ नाही, पॅडवरचा शिक्का नंतरचा’ असं लिहून घे, आणि सगळे फोटो त्या बिलाबरोबर ठेव. उद्या तो गाडी विकेल तेव्हा पुढच्या माणसाला पुन्हा हीच कसरत नको.

थंडीत इंजिन बाहेर काढलं तेव्हा खालचा ऑइल चेंबर उघडला. १९६९ च्या ३०२ मध्ये मधल्या तीन मेन बेअरिंग कॅपना प्रत्येकी चार बोल्ट असतात. इथे पाचही कॅपना दोन-दोन. क्रँक ओतीव, आणि स्ट्रोक मोजला तर ३.४८ इंच, म्हणजे साधं ३५०. वर झेड/२८ चे अस्सल हेड, खाली फॅमिली गाडीचं पोट. गंमत म्हणजे ते चालायला फार छान होतं. खालच्या आरपीएमला ते जेवढं ओढायचं तेवढं खरं ३०२ ओढत नाही. खरं ३०२ चार हजारांच्या पुढे जागं होतं.

आता तो ६१८ ब्लॉक शोधतोय, जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या तारखेचा. मिळतात त्यातल्या बऱ्याच डीझेड ब्लॉकांवर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा उतारा असतो, आणि तसला घ्यायला तो तयार नाही, कारण ती गाडी अजून कुठे उभी असेल आणि तिचा मालक हेच शोधत असेल. स्वतःच्या गाडीचा अनुक्रमांक त्याने झेड/२८ वाल्यांत कळवून ठेवलाय. खरं इंजिन अजून शाबूत असेल तर त्याच्या पॅडवरही तोच नंबर असणार, म्हणून गॅरेजमधल्या ३५० ला त्याने एक पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधून ठेवली आहे. तिच्यावर मार्करने लिहिलंय: ‘नंबर खोटा. ब्लॉक जेन्सव्हिलचा.’